टेपचे दहा वेढे आणि विमानाचं पेट्रोल

गुहागरला आमच्या विहिरीवरच्या पंपाचा जोड गळायला लागला की गडी टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारतो, करकचून आवळतो आणि पोफळींना पाणी सोडतो. परवा घरच्या शेडमध्ये विमान बांधणाऱ्या एका हौशी माणसाचा व्हिडिओ बघताना पुतण्याने विचारलं, "काका, हा पेट्रोलच्या नळीच्या जोडाला टेप का नाही मारत?" प्रश्न चांगला होता.

आटे गळती अडवतात, असं आपण धरून चालतो. विमानातल्या बऱ्याच जोडांचे आटे निमुळते असतात, १६ इंच लांबीत व्यास १ इंचाने कमी होईल इतके. आवळले की ते पाचरीसारखे रुततात. तरी आट्याचं टोक आणि समोरच्या खाचेचा तळ यांच्यात बारीक फट उरते आणि गोल जिन्यासारखी फिरत थेट बाहेर निघते. पेट्रोलला तेवढी वाट पुरते. ती बुजवायला सीलंट लागतो.

दुसऱ्या जातीच्या जोडात आटे सरळ असतात आणि नळीचं फाकवलेलं तोंड ३७ अंशांच्या शंकूवर बसतं. गळती तिथे, धातूवर धातू दाबून थांबते. आटे नुसता दाब देतात. त्यांना सीलंट लावणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून कुंपण शाकारणं. अॅल्युमिनियमचे आटे एकमेकांना चिकटून सोलले जाऊ नयेत म्हणून तेलाचा थेंब लावला की झालं. ऑक्सिजनच्या नळीला मात्र तोही नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

टेपची अडचण अशी, की त्याचा तुकडा सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकू शकतो. शिवाय तो निसरडा, त्यामुळे हात जास्त आवळतो आणि ओतीव भाग तडकतो.

मग निमुळत्या आट्यांना काय? चिपळूणच्या एका दुकानात मी तसल्या सीलंटची बाटली घेतली, तर ती अर्धीच भरलेली. मी दुकानदाराशी हुज्जत घातली. चूक माझीच होती. या द्रवाला घट्ट व्हायला मुक्त मूलकांची, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन जोडीदार शोधणाऱ्या चपळ रेणूंची, साखळी लागते, आणि ऑक्सिजन त्या मूलकांना आधीच गिळतो. बाटलीतली रिकामी जागा आणि हवा झिरपू देणारं प्लास्टिक यांच्यामुळेच तो पातळ राहतो. आट्यांच्या फटीत हवा कोंडून संपते; तांब्या-लोखंडाचे आयन (विद्युतभार असलेले अणू) द्रवातलं पेरॉक्साइड फोडतात, नवी मूलकं सुटतात, द्रवाचा मुख्य घटक असलेल्या मेथॅक्रिलेटचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जाळं तयार होतं. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९५३ साली हे साधलं. लॉकटाइट हा सीलंटचा ब्रँड त्यातूनच आला.

म्हणजे धातूही या रसायनात भाग घेतो. पितळेवर काम झटपट होतं, कारण त्यात तांबं आहे. स्टेनलेस स्टील आणि अॅनोडाइज केलेलं, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवलेलं, अॅल्युमिनियम आळशी. तिथे आधी प्रायमर, म्हणजे घट्ट होण्याला चालना देणारा द्रव, तरी लावा, नाहीतर जास्त वेळ थांबा. पहिला आटा कोरडाच ठेवायचा, म्हणजे जास्तीचा सीलंट नळीत ढकलला जात नाही. हल्ली डब्यांवर "एअरोस्पेस ग्रेड" छापून दुप्पट भाव लावतात. शेडच्या दाराला लिंबू-मिरची टांगण्याइतकाच त्याचा उपयोग. डब्यावर कुठला द्रव, कुठला धातू आणि किती तापमान हे लिहिलंय का, तेवढं वाचा.

आमच्या पंपाला मात्र हा सीलंट लावणार नाही. जोड पीव्हीसीचा आहे, आणि या द्रवाने काही प्लास्टिकांना तडे जातात. तिथे गड्याचे दहा वेढेच बरे.