विंचू उतरवणारी गोळी

कोकणात अजूनही जुनी माणसं रात्री अंथरूण झटकल्याशिवाय आडवी होत नाहीत. पडवीतली चप्पल पायात घालण्याआधी उलटी करून आपटायची, पेंढ्याच्या उडवीत आधी काठी घालायची, गडग्यातला जांभ्याचा चिरा उचलताना बोटं खाली सारायची नाहीत, ही शिस्त लहानपणीच अंगी लावली जाते. हे सगळं करायचं ते एका दोन-तीन इंचाच्या जीवासाठी, लाल विंचवासाठी. काळी, थोराड इंगळी दिसायला भयंकर असते, पण तिचा डंख सहसा जिवावर बेतत नाही. ओळखायची साधी खूण आहे. इंगळीच्या पुढच्या नांग्या जाड आणि शेपूट बारीक असतं. लाल विंचवाच्या नांग्या नाजूक आणि शेपूट जाडजूड असतं. या लाल विंचवाच्या एका उपजातीच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, 'कोंकानेन्सिस'.

विंचू चावला की मांत्रिकाला बोलवायचं, त्यानं मंत्र म्हणत हात फिरवून विंचू 'उतरवायचा', चिंचोका उगाळून डंखावर चिकटवायचा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती टिकली, कारण बहुतेक वेळा माणूस खरंच बरा व्हायचा. डंखाच्या जागी आग होते, कळ खांद्यापर्यंत चढते, माणूस रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी कळ आपोआप ओसरते. विष नुसतं त्या जागेपुरतं राहिलं तर शरीर ते स्वतःच निभावतं. या कळ ओसरण्याचं श्रेय मंत्राला मिळत गेलं.

ज्याला विंचू खरोखर भिनतो, त्याची गोष्ट निराळी असते. त्याच्या डंखाची जागा अनेकदा फारशी दुखतच नाही. तो ओरडत नाही. त्याला उलटी होते, तोंडाला लाळ सुटते, घामानं अंगातला सदरा पिळून काढावा इतका भिजतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. लहान मुलग्यांत लिंग ताठर होतं. पाहणाऱ्यांना वाटतं, पोर रडायचं थांबलं, म्हणजे विंचू उतरला. काही तासांनी त्याला धाप लागते, खोकला येतो आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. तिथून पुढे १९७०च्या दशकापर्यंत डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नसे. छातीत पाणी भरलेल्या अशा रुग्णांतले शंभरातले तीसेक दगावत. त्यात लहान मुलं जास्त. विषाची मात्रा तेवढीच आणि शरीर एवढंसं.

या गुलाबी फेसापर्यंत शरीर कसं पोचतं, हे कळल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही. आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्यानं. पेशीच्या भिंतीतलं सोडियमचं दार क्षणभर उघडतं आणि लगेच मिटतं. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं हे दार मिटूच देत नाहीत. मग मज्जातंतू थांबता थांबत नाही, नुसता कडाडत राहतो. शरीराचे आपोआप चालणारे सगळे व्यवहार, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकसणं, एकाच वेळी उसळतात. आधी उलटी-लाळ-घामाचा भर येतो आणि पाठोपाठ ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा. वाघ समोर दिसल्यावर शरीर जे क्षणभर करतं, ते इथे तासन्‌तास चालू राहतं. हातापायांतल्या रक्तवाहिन्या इतक्या आवळल्या जातात की कातडी गार पडते आणि रक्तदाब भडकतो. हृदयाला या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायचं असतं आणि त्याच लोंढ्यानं त्याचा स्वतःचा स्नायूही लुळा पडत असतो. शेवटी ते हरतं. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसात दाटतं, त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत पाझरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

म्हणजे मारतं ते रुग्णाच्या स्वतःच्या शरीरात उठलेलं वादळ. विष फक्त ते उठवून देतं. ही गोष्ट आज वाक्यात मांडणं सोपं आहे. पण ती खाटेशेजारी बसून पाहायला कुणीतरी हवं होतं.

कोकणातल्या विंचूदंशाच्या मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत त्याआधीही झाली होती. तिकडे इस्रायलमध्ये बीरशेबाच्या मोशे गुएरॉन यांनी विंचूदंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला होता. पण खेड्यातल्या दवाखान्यात प्रत्यक्षात मिळत होता तो अंदाजपंचे इलाज. गुंगी आणणाऱ्या तीन औषधांचं मिश्रण, स्टेरॉइड, सलाईन आणि ॲट्रोपिन. घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपिन द्यावं हे वरवर पाहता पटतं. पण आधीच धावणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवतं आणि घाम सुकल्यामुळे डॉक्टर फसतो. रक्तदाबासाठी कुणी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध दिलं, तर हृदयाची उरलीसुरली ताकद जाते आणि रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात. यात कुणाची बेपर्वाई नव्हती. समोर दिसणाऱ्या प्रत्येक लक्षणावर वेगळं औषध दिलं जात होतं आणि त्या सगळ्या लक्षणांना बांधणारी दोरी अजून कुणाच्या हाती आली नव्हती.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव साळुबा बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड या गावचे, नागपूरहून एमबीबीएस झालेले. मराठवाड्यातून येऊन थेट सावित्रीच्या खोऱ्यात. विंचू चावलेली माणसं डोली करून, बैलगाडीतून, डोंगरातल्या वाड्यांवरून त्यांच्यापर्यंत यायची आणि बरीचशी पहाटेपर्यंत जायची. पुस्तकात विंचूदंशावर दोन-चार ओळींपलीकडे काही नव्हतं. बावस्करांनी जे केलं त्याला यंत्र लागत नव्हतं. ते रुग्णाजवळ बसले. दर थोड्या वेळानं नाडी मोजली, दाब घेतला, हातपायांना हात लावून पाहिलं, घाम किती, उलट्या किती, छातीत बुडबुडे वाजतात का, हे वेळेसकट लिहून काढलं.

त्या नोंदींतून एक क्रम पुढे आला. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय आणि मुलग्यांतला ताठरपणा ही चिन्हं दिसली, की हृदय पुढे अडचणीत येणार, हे काही तास आधी सांगता येत होतं. १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. एका कोकणी आरोग्य केंद्रातली निरीक्षणं जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, याचं मोल मला औषधाच्या शोधाइतकंच वाटतं. कारण त्याआधी धाप लागेपर्यंत धोका कळतच नव्हता आणि धाप लागल्यावर उशीर झालेला असायचा. आता मधले तास हाती आले.

पण हाती आलेल्या तासांत द्यायचं काय? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी करून बावस्कर पुन्हा महाड भागातच आले. तोवर त्यांच्या मनात रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा विचार पक्का झाला होता. आवळलेल्या नळ्या ढिल्या केल्या तर हृदयावरचं ओझं उतरेल, हा हिशेब सरळ होता. सोडियम नायट्रोप्रुसाइडचं इंजेक्शन हे काम करतं आणि त्यांनी ते वापरून छातीत पाणी झालेले रुग्ण परत आणले. मात्र हे औषध शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं, उजेडापासून झाकून ठेवावं लागतं आणि दाब सतत मोजत बसावं लागतं. थेंब थोडे जास्त गेले तर दाब कोसळतो. अतिदक्षता विभागात ते ठीक आहे. पोलादपूरच्या घाटाखाली, रात्री वीज गेलेली असताना ते कोण देणार?

उत्तर औषधाच्या दुकानात पडून होतं. प्राझोसिन ही १९७०च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी बाजारात आलेली गोळी. नॉरॲड्रेनॅलिन रक्तवाहिनीच्या ज्या कुलपात किल्ली घालून तिला आवळतं, त्याला अल्फा ग्राहक म्हणतात. प्राझोसिन नेमकं तेच कुलूप अडवून बसतं. लोंढा चालू असला तरी नळ्या आवळत नाहीत. तोंडानं घेता येते, स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच मांडला. कोट्यवधी रुपये, प्रयोगशाळा, नवा रेणू, यांतलं काही त्यामागे नव्हतं. एका जुन्या गोळीला तिचं दुसरं काम सापडलं होतं.

गोळी काम करते आहे हे कळायचं कसं, तर पायांवरून. हे मला या सगळ्या इतिहासात फार लोभस वाटतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम आणि दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत. गोळी चालल्याची पावती कुठल्या अहवालातून घ्यायची नसते. परिचारिका खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पोराच्या तळव्यांना हात लावते. आधी बोटं गार आणि चिकट, मग घोटा कोमट, मग टाच, मग बोटांची टोकं. ऊब वरून खाली उतरत येते. त्या तासांत रुग्णाला उठून बसू द्यायचं नाही, कारण पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम घसरून चक्कर येऊ शकते. बाळाला आईनं कडेवर उभं घेतलं तरी तो धोका असतो. आडवं ठेवून, पाणी पाजत, ऊब येण्याची वाट पाहायची. अर्थात हे सगळं दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरच्या घरी कुणी रक्तदाबाची गोळी काढून देऊ नये.

या इलाजानं गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून एकाच्या आसपास आलं. वैद्यकाच्या इतिहासात इतकी मोठी उतरण एका साध्या गोळीनं क्वचितच झाली असेल. बावस्कर महाडमध्येच राहिले, तिथंच छोटं रुग्णालय चालवलं, सर्पदंशावरही लिहीत राहिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग विंचवाच्या विषावरची लस कुठे होती, असं कुणी विचारेल. साप चावल्यावर जशी देतात तशी प्रतिविष लस लाल विंचवासाठीही तयार झाली. मुंबईत परळला वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या काळात सुरू केलेल्या प्रयोगशाळेचा वारसा चालवणाऱ्या हाफकिन महामंडळानं ती घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवली. चिपळूणच्या डॉ. विवेक नातू यांच्यासारख्या कोकणातल्या डॉक्टरांनी ती वापरून अनुभव प्रसिद्ध केले. लस श्रेष्ठ की गोळी, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद होते आणि ते साहजिक होते. लस रक्तात फिरणारं विष बांधून टाकते, पण पेशीला चिकटलेल्या विषाचं आणि एकदा उठलेल्या वादळाचं काय? गोळी वादळ थोपवते, पण विषाला हात लावत नाही.

हा वाद बावस्कर दाम्पत्यानं ज्या रीतीनं सोडवला, त्याबद्दल मला विशेष आदर आहे. आपण शोधलेल्या इलाजाच्या बाजूनं वकिली न करता त्यांनी महाडला ७० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ९१ टक्के आणि नुसत्या गोळीच्या गटात २३ टक्के. जोडीनं दिलेला इलाज लवकर बरं करतो, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून दिलं. लस मिळाली तर लवकर द्यावी आणि जिथे ती नाही तिथे गोळी हाताशी आहेच.

जाता जाता विषाचीच एक हकिगत. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन वेगळं काढण्यात आलं. ते पेशींमधलं पोटॅशियमचं एक विशिष्ट दार नेमकं बंद करतं. रक्तवाहिन्या आणि मेंदूतलं हे दार काय काम करतं ते तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा आज तेच वापरतात.

इकडे कोकणात घरं सिमेंटची झाली, पायांत बूट आले, वाडीपर्यंत रस्ते पोचले. तरी भातकापणीला आणि उन्हाळ्यात लाकडं भरायच्या दिवसांत विंचू चावायचा तो चावतोच. आदिवासी वाड्यांवरची मुलं अजूनही आधी भगताकडे नेली जातात. भगतावर रागावून उपयोग नाही. त्याला आणि पोराच्या आईला इतकंच सांगायला हवं, की कळ किती आहे ते पाहू नका. पोराला ओकारी आली का, कपाळावर घाम फुटला का ते पाहा, आणि तळव्याला हात लावा. तळवा गार असेल, तर पोर रडत नसलं तरी गाडी काढा.