आडोसा (युद्धपटातील)

आडोसा : टेबलावर मांडलेल्या युद्धखेळात भिंत, झाडी, बांध किंवा खंदक यांच्यामागे असलेल्या तुकडीला माऱ्यापासून मिळणारे संरक्षण, आणि ते मोजण्याचा नियम. मराठीत आपण वाऱ्यापासून, पावसापासून आणि लोकांच्या नजरेपासूनही आडोसाच धरतो. त्यामुळे या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी येतात. नजर अडवते ते लपण आणि गोळी अडवते ती आड. काजूच्या झाडीत शिरलेला शिपाई दिसत नाही, पण अंदाजाने झाडलेली गोळी त्याला लागू शकते. जांभ्याच्या गडग्यामागून नेम धरणारा दिसतो, पण छातीपर्यंत तो सुरक्षित असतो. पुष्कळ नियमावल्या दोन्ही प्रकार एकाच वजाबाकीत बसवतात. खेळ त्याने सुटसुटीत होतो, भूभाग मात्र सपाट होऊन जातो.

या नियमाचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. ब्रन्सविकच्या हेल्विगने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळात बुद्धिबळाचा पट वाढवून घरांना भूभागाप्रमाणे रंग दिले होते : डोंगराला तांबडा, पाण्याला निळा, दलदलीला हिरवा. काही अभ्यासक येथूनच सुरुवात धरतात. प्रशियातील थोरल्या राइसविट्झने १८१२ मध्ये राजापुढे मांडलेला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नियमबद्ध केलेला ‘क्रीगस्पील’ घरांऐवजी १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई. हानी खास फाशांनी ठरे आणि निवाडा पंच करी. भूभागाची दखल आणि माऱ्याची मोजलेली हानी एकाच पद्धतीत आली ती या खेळात, म्हणून उगमाचा मान त्याला देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १८७६ मध्ये प्रशियाच्याच व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून सारा निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या खेळात तर आकड्यांची गरजच नव्हती. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी खरोखर उडे, आणि खेळण्यातल्या घरामागचा शिपाई खरोखर वाचे.

फाशांच्या खेळात मुख्य प्रश्न असा की आडोशाचा आकडा नेमका कोठे घालायचा. पहिली रीत नेमातून वजा करण्याची. सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा अधिक पडल्यास गोळी लागते असे धरू, म्हणजे शक्यता १/२. एक वजा केला की ५ लागतात आणि शक्यता १/३ होते. तिसरा हिस्सा मारा वाया गेला. पण ३ वर नेम साधणाऱ्या कसलेल्या तुकडीचा तोच एक आकडा केवळ चौथा हिस्सा खातो, आणि ५ लागणाऱ्या नवख्या तुकडीचा निम्मा. म्हणजे भिंत तीच, पण समोरचा नवखा असला की ती जाड होते. दोन फाशांच्या बेरजेत हा फरक आणखी ताणला जातो : ७ ऐवजी ८ लागले तर ३६ पैकी २१ संधींच्या १५ उरतात, आणि ११ ऐवजी १२ लागले तर तिनाची एकच.

दुसरी रीत बचावाच्या वेगळ्या फाशाची. गोळी लागल्यावर आडोशातल्या तुकडीने ५ किंवा ६ टाकल्यास ती वाचते, त्यामुळे मारणारा कोणीही असो, तिसरा हिस्सा वाचतोच. भिंतीचा गुण भिंतीपाशीच राहतो, म्हणून रचनाकाराने प्रथम ही रीत तपासावी. तिचा तोटा म्हणजे फासे एकदा जास्त टाकावे लागतात.

‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या आवृत्त्यांत हे सगळे वाद पाहायला मिळतात. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत मऊ आडोशाला नेमातून १ आणि कठीण आडोशाला २ वजा होत. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळा बचाव आला, पण चिलखत आणि आडोसा यांतला एकच घ्यायचा. त्यामुळे साध्या हत्यारांपुढे जाड चिलखतवाल्याला भिंतीचा उपयोगच उरला नाही. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आडोसा चिलखताच्या बचावात १ मिळवू लागला आणि फळ उलटले. ३ वर वाचणारा आता २ वर वाचतो, त्याची हानी निम्मी होते. ६ वर वाचणारा ५ वर येतो, त्याची हानी केवळ पाचव्या हिश्शाने घटते. ज्याला भिंतीची खरी गरज, त्यालाच ती कमी पडते. १९७७ च्या ‘स्क्वॉड लीडर’ या खेळात दोन फाशांची बेरीज जितकी कमी तितका मारा प्रभावी, म्हणून त्याने त्या बेरजेत झाडीला १, लाकडी घराला २ आणि दगडी घराला ३ मिळवले. या चढत्या पायऱ्या साध्या आहेत आणि लक्षातही राहतात.

गोव्याचा भूभाग पटावर मांडायचा तर झाडी आणि घर एवढे दोनच वर्ग पुरत नाहीत. माडांची बाग दुरून दाट भासते, पण खोडांमधून नजर आरपार जाते. कुळागरातल्या सुपारी, केळी, मिरवेली मात्र काही पावलांतच नजर अडवतात. दोन्ही ‘झाडी’च, पण लपण वेगवेगळे. गडगा आड देतो, पण ओणवे होणाऱ्याला. शापोरा, आग्वाद यांसारख्या किल्ल्यांची जांभ्याची तटबंदी बंदुकीपुढे पूर्ण आड आहे, तोफेपुढे वेळ काढणारी. तटातल्या तिरप्या भोकांना मराठीत जंग्या हा जुना शब्द आहे. त्यांच्यामुळे आतल्याला नेम धरता येतो, पण तो ठरावीक कोनातच. म्हणून आडोशाच्या आकड्याबरोबर माऱ्याचा कोनही लिहावा लागतो.

सर्वांत अवघड खाजन. भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली ही शेते बांधांनी आणि मानशींच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपांच्या, दारांनी राखलेली असतात. बांधाची आड एकाच दिशेची असते : समोरून मारा आला तर छातीइतकी, बांधाच्या रेषेतून आला तर शून्य. शिवाय खाडीचे पात्र ओहोटीला उघडे पडते. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटी साधून रात्री जुवे बेटावर पाय ठेवला आणि तेथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्वतः केलेला प्रतिहल्ला फसला. असा प्रसंग मांडताना अंधाराला लपणाचा आकडा द्यावा, आडीचा नको, आणि फेऱ्यांच्या मोजणीवर भरतीची वेळ बांधून ठेवावी. भरती आली की पात्र ओलांडण्याची वाट बंद होते आणि अलीकडे उरलेल्यांना बांधाखेरीज आड राहत नाही.