प्रबंधाच्या निमित्तानं

‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला आहे. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा. जीभ अडखळतेच. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत हमखास भेटणारा हा प्रयोग मुळात एका विद्यार्थ्यानंच पीएच.डी.साठी केला होता. जॉन रिडली स्ट्रूप हे त्याचं नाव, कॉलेज नॅशव्हिलचं जॉर्ज पीबडी. निष्कर्ष १९३५ मध्ये छापून आले.

त्याचे आकडे आजही बघण्यासारखे आहेत. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी भलत्याच रंगांची नावं आली, तेव्हा तेच काम ११०.३ सेकंदांवर गेलं. उलट शाई कोणतीही असो, नुसते शब्द वाचायचे म्हटलं तर काळ्या छपाईच्या तुलनेत शंभर शब्दांमागे वाढ जेमतेम २.३ सेकंदांची. पुढच्या एका प्रयोगात त्यानं भरीव चौकोन काढून टाकले आणि स्वस्तिकं छापली. अक्षरांसारखीच मध्ये कोरी जागा राहिली की शाईची छटा जुळते, एवढ्यासाठी. निष्कर्षापेक्षा ही चिकाटीच मला जास्त आवडते. स्ट्रूप पुढे संशोधनात फारसा रमला नाही, त्यानं बायबल शिकवलं.

रंग सांगणं वाचनापेक्षा अवघड का, या प्रश्नाचं मूळ मात्र जुनं, जर्मनीतल्या लाइपझिगमधलं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये तिथं मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि तिचं बरंचसं काम विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनच उभं राहिलं. आज प्रयोगकर्ता तो उद्या प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, अशी अदलाबदल चाले. माक्स फ्रीडरिशच्या अगदी सुरुवातीच्या प्रबंधात तर खुद्द वुंट प्रयोज्य म्हणून बसले होते. विद्यार्थ्यानं गुरूची प्रतिक्रिया मोजायची, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावं! तिथंच शिकणाऱ्या जेम्स मॅकीन कॅटेलनं १८८६ मध्ये दाखवलं की रंगाचं नाव सांगण्यापेक्षा छापील शब्द वाचायला कमी वेळ लागतो. वाचन सवयीनं आपोआप होतं, रंगाचं नाव मात्र प्रयत्नानं शोधावं लागतं, असा त्याचा खुलासा होता. स्ट्रूपनं या दोन्ही गोष्टी एकाच जागी आणून त्यांची टक्कर लावली.

कॅटेल पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथं १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकनं मांजरांवरचा प्रबंध दिला. त्याआधी हार्वर्डमध्ये असताना त्याच्या कोंबडीच्या पिल्लांना तिथले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या घराच्या तळघरात आसरा मिळाला होता. प्रबंधासाठी त्यानं मांजरांना पेटीत कोंडलं; पेटीतून सुटायला मांजराला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला, एकदम कोसळला नाही. म्हणजे मांजराला युक्ती ‘कळली’ नव्हती, उपयोगी पडलेली हालचाल तेवढी पक्की होत गेली होती. अध्ययनावरच्या पुढच्या कितीतरी वादांचं बीज या आलेखांत आहे.

मेरी कॅल्किन्सची गोष्ट वेगळी. रंग आणि आकडे यांच्या जोड्या लावून स्मरण तपासायची पद्धत तिनं हार्वर्डमध्ये काढली, १८९५ मध्ये परीक्षाही दिली. परीक्षक खूश होते, पण बाईला पदवी द्यायला विद्यापीठ तयार नव्हतं. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या हार्वर्डशी जोडलेल्या महिला कॉलेजची पदवी देऊ केली गेली तेव्हा तिनंच ती नाकारली. १९०५ मध्ये ती अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची अध्यक्ष झाली.

एव्हाना प्रयोज्य म्हणजे कॉलेजातली पोरं, हे समीकरण रूढ होऊ लागलं होतं. स्वस्त आणि हाताशी असलेली. भाषा कशी शिकली जाते हे बघायचं तर ती कुचकामी, कारण त्यांचं शिकून झालेलं असतं. म्हणून जीन बर्कोनं १९५८ च्या प्रबंधासाठी लहान मुलं गाठली. स्वतः काढलेलं एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ती म्हणे, हा ‘वग’. आता दोन आहेत, दोन काय? मुलं म्हणत, ‘वग्ज’. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, तेव्हा पाठांतराचा प्रश्नच नाही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाची विद्यार्थिनी जेनी सॅफ्रन १९९६ मध्ये आणखी मागे गेली, आठ महिन्यांच्या बाळांपर्यंत. तिनं आणि तिच्या दोन मार्गदर्शकांनी बाळांना चार निरर्थक शब्दांची सलग, विराम नसलेली माळ दोन मिनिटं ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं येतं, एवढाच काय तो धागा. नंतर ते शब्द आणि त्याच अक्षरांच्या अनोळखी जुळण्या आळीपाळीनं ऐकवल्या. बाळं बोलणार कशी? म्हणून ती किती वेळ कान देतात ते मोजलं. अनोळखी जुळण्यांकडे ती जास्त वेळ रेंगाळली, म्हणजे ऐकलेले शब्द त्यांना वेगळे ओळखू येत होते. फरक एका सेकंदाहूनही कमी होता.