पी ७१०० डिझेल पंपातील घरगुती फेरफार

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात विकल्या गेलेल्या डॉज रॅम पिकअप ट्रकच्या कमिन्स इंजिनावर बॉश कंपनीचा पी ७१०० हा इंधन पंप असे. त्याची कारखान्यातली मांडणी बदलून इंजिनाची ताकद वाढवण्याचे काम तिथले ट्रकमालक घरच्या गॅरेजमध्येच करतात. हा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. किती डिझेल द्यायचे हे संगणक ठरवत नाही. ते ठरते स्प्रिंग, तरफा आणि एका छोट्या पोलादी प्लेटवर. म्हणून पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर असलेला माणूसही त्यात हात घालू शकतो. घालावा का, हा प्रश्न वेगळा.

कमिन्सचे ५.९ लिटरचे हे सहा सिलिंडरचे इंजिन डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ साली आले. सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह, म्हणून त्याला ‘बारा व्हॉल्व्हचे’ म्हणतात. सुरुवातीला त्यावर बॉशचाच व्हीई हा रोटरी पंप होता आणि ताकद १६० अश्वशक्ती होती. १९९४ मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक झाले. डिझेल अधिक बारीक फवारायचे तर दाब जास्त हवा, म्हणून एका ओळीत सहा प्लंजर असलेला, वजनदार पी ७१०० बसवला गेला. धूर कमी करण्यासाठी आणलेला हा पंप पुढे धूर ओकणाऱ्या ट्रकवाल्यांचा सर्वांत लाडका ठरला.

प्रत्येक सिलिंडरसाठी पंपात एक प्लंजर असतो. खालचा कॅमशाफ्ट त्याला दर फेरीला वर ढकलतो आणि तो दर वेळी तितकाच वर जातो. प्लंजरच्या अंगावर एक तिरकस खाच असते. वर जाताना प्लंजरने बॅरलचे, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या नळीचे, छिद्र झाकले की दाब चढतो आणि नोझलमधून डिझेल फवारले जाते. खाच छिद्रासमोर आली की दाब पडतो आणि फवारा थांबतो. प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरवला तर खाच छिद्रापाशी उशिरा पोचते, म्हणजे तेवढे डिझेल जास्त जाते. सहाही प्लंजर एकाच वेळी फिरवणाऱ्या दांड्याला रॅक म्हणतात. इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर असताना पंप १,२०० फेऱ्यांनी फिरतो. म्हणजे सेकंदाला प्रत्येक नोझलचे २० फवारे, सहा मिळून १२०. रॅक केसभर सरकला तरी या प्रत्येक फवाऱ्यात फरक पडतो.

तेव्हा पंपाची ताकद ‘वाढवणे’ म्हणजे खरे तर रॅकला घातलेले बांध मागे सरकवणे. कारखान्यातही वेगळे काही होत नसे. याच इंजिनाला १९९४ साली ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह १६० आणि मॅन्युअलसह १७५ अश्वशक्ती होती. १९९६ पासून ती अनुक्रमे १८० आणि २१५ झाली.

पहिला बांध म्हणजे इंधन प्लेट. पंपाच्या मागच्या भागात वरचे झाकण काढले की बोटाएवढी, एका बाजूने वळणदार कापलेली पोलादी पट्टी दिसते. गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, तरफेचे नाक तिच्या कडेवर टेकते, आणि कोणत्या वेगाला रॅक जास्तीत जास्त किती पुढे जाईल हे त्या कडेच्या वळणावरून ठरते. झाकणाच्या एका स्क्रूचे डोके कारखान्यात मुद्दाम तोडलेले असते, म्हणजे कुणी सहज उघडू नये. अनुभवी लोक त्यात करवतीने चीर पाडून तो फिरवतात, मग प्लेटच्या मूळ जागेवर सुईने रेघ ओढतात आणि नंतरच ती पुढे सरकवतात. ती रेघ ओढायचा कंटाळा करणारे पुढे बरेच दिवस अंदाजानेच गाडी चालवतात. बाजारात वेगवेगळ्या वळणांच्या, नंबर दिलेल्या तयार प्लेटही मिळतात. दहा नंबरची विशेष प्रसिद्ध आहे. काही जण मूळ प्लेटच कानसीने घासतात. प्लेट काढूनच टाकली तर रॅक शेवटपर्यंत मोकळा होतो. हे शर्यतीच्या गाडीला चालते, रोज माल ओढणाऱ्या ट्रकला नाही.

दुसरा बांध हवेच्या दाबाचा. टर्बोने पुरेशी हवा भरेपर्यंत डिझेल रोखून धरणारा डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, पंपावर असतो. टर्बोचा दाब एका नळीतून येऊन त्याला ढकलतो, समोर स्प्रिंग असते. तिचा ताण बदलणारे दातेरी चाक झाकणावरच्या छिद्रातून स्क्रू-ड्रायव्हरने एकेक दाता फिरवता येते. ताण सैल केला की गाडी जागेवरून चटकन उठते, पण टर्बो जागा होण्याआधीच डिझेल आल्यामुळे मागे काळा लोट सुटतो. सर्वांत स्वस्त फेरफार हाच, आणि बहुतेकांची सुरुवात इथूनच होते.

तिसरा बांध गव्हर्नरचा. मूळ स्प्रिंगवर इंजिन २,५०० फेऱ्यांच्या आसपास पोचले की डिझेल आखडू लागते. ३,००० किंवा ४,००० फेऱ्यांच्या स्प्रिंग घातल्या की ते पुढेही मिळत राहते. त्यासोबत सिलिंडर हेडमधल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगही कडक घ्याव्या लागतात, नाहीतर जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाहीत.

टायमिंग पुढे आणणे, म्हणजे फवारा थोडा आधी सुरू करणे, हे यांतले सर्वांत नाजूक काम. पंपाचा गिअर निमुळत्या शाफ्टवर फक्त घट्ट बसण्याच्या जोरावर टिकतो, त्याला खाचेत बसणारी चावी (खुंटी) नसते. गिअर ओढून काढायचा, पंप हवा तितका फिरवायचा, डायल गेजने पहिल्या प्लंजरची उचल मोजायची आणि गिअर परत आवळायचा. शाफ्टवर तेलाचा ओशटपणा राहिला तर चढावर, भर ओझ्यात गिअर घसरतो आणि टायमिंग मागे पडते. गाडी अचानक मरगळते आणि मालक नोझलला दोष देत बसतो. म्हणून दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने कोरडे पुसणे हा कामाचा अर्धा भाग आहे.

प्लेट, स्प्रिंग आणि टायमिंग एवढ्यावर हे इंजिन ३०० अश्वशक्तीच्या आसपास जाते. मोठे प्लंजर आणि मोठे टर्बो लावून ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धांत ते हजाराच्याही पुढे नेले जाते, पण ते काम घरचे नव्हे.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. जास्तीच्या डिझेलला तेवढी हवा मिळाली नाही की धूर होतो आणि एक्झॉस्ट तापतो. ट्रेलर ओढत घाट चढताना टर्बोच्या आधीचे तापमान १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिले तर अॅल्युमिनियमचे पिस्टन वितळू लागतात. तापमानाचा काटा आधी आणि प्लेट नंतर, हा क्रम जाणकार लोक हट्टाने पाळायला लावतात. इंजिन टिकलेच तर क्लच घसरतो किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसतो.

खरा जीवघेणा धोका मात्र वेगळा. झाकण बसवताना तरफ चुकून अडकली आणि रॅक पूर्ण उघडा राहिला, तर इंजिन सुरू होताच बेलगाम पळते. म्हणून पहिल्यांदा चावी फिरवण्याआधी बंद करण्याची तरफ हाताने हलवून बघतात आणि इंजिन पळालेच तर हवा कोंडण्यासाठी टर्बोच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा करतात. तिथे हात कधीच लावायचा नाही. तसेच फुटक्या नळीतून उडणारा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते.

उत्सर्जनाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली बेकायदेशीर आहे. मुद्दाम काळा धूर सोडण्यावर न्यू जर्सीने २०१५ मध्ये बंदी घातली. कॅलिफोर्नियात डिझेल गाड्यांची धूर तपासणी मात्र १९९८ च्या मॉडेलपासून पुढे होते. बारा व्हॉल्व्हचे बहुसंख्य ट्रक तिच्यातून सुटतात आणि जुन्या रॅमना अजून भाव आहे त्याचे हे एक कारण. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, शिवाय पीयूसी असतेच.

महाराष्ट्राला ही यंत्रणा परकी नाही. बॉशची भारतीय कंपनी मायको १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा तिचा नाशिकचा कारखाना सातपूरला आहे, आणि कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले तरी शहरातले मायको सर्कल मायकोच राहिले. कमिन्सचे भारतातले मुख्यालय पुण्यात आहे. याच घराण्यातली इंजिने टाटाच्या ट्रकसाठी टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवली. आपल्याकडे मात्र पंप घरी उघडत नाहीत. तो डिझेल लॅबमध्ये जातो, कॅलिब्रेशनच्या बेंचवर प्रत्येक प्लंजरचे डिझेल काचेच्या नळीत मोजून सारखे केले जाते आणि सील लागते. ट्रकवाल्याला पिकअप, म्हणजे गाडीचा उठाव, हवा असतो, पण अॅव्हरेज पडले की तोच पंप परत घेऊन येतो. अमेरिकन हौशी माणसाला डिझेलच्या हिशेबाची एवढी फिकीर नसते.

१९९८ च्या मध्यावर डॉजने २४ व्हॉल्व्हचे इंजिन आणि व्हीपी ४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप आणला. डिझेलचा पुरवठा कमी पडला की तो जळे, म्हणून अनेकांनी नव्या इंजिनावर पुन्हा जुना पी ७१०० चढवला. त्यासाठी पुढचा गिअरकेस बदलावा लागतो, तरी हा उद्योग आजही चालतो.