मीटर, स्कोप आणि गोव्याची दमट हवा

गोव्यात एखाद्या घराच्या माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात जुनं इलेक्ट्रॉनिक मापनयंत्र सापडलं, तर ते चालतं का हे बघण्याआधी त्याच्या पाठीवरची पट्टी वाचावी. बनवणाऱ्याचं नाव, किती व्होल्टवर चालतं, एखाद्या खात्याचा शिक्का, लिलावाच्या वेळी खडूने घातलेला आकडा. एवढ्यावरून ते कोणत्या वाटेने इथवर आलं याचा बराच अंदाज येतो. मुंबई-पुण्याचे छांदिष्ट जी यंत्रं जमवतात तीच गोव्यातही सापडतात. वाटा मात्र वेगळ्या होत्या, कारण १९६१ पर्यंत जकातीची हद्दच वेगळी होती.

यंत्रांचा जन्म अर्थात दूरचा. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकेडी नावाचा अभियंता होता. करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजायला प्रत्येक वेळी वेगळं यंत्र उचलावं लागे, या त्रासातून त्याने तिन्ही एका पेटीत बसवले. १९२३ मध्ये ॲव्होमीटर बाजारात आला. त्यातलं सर्वांत लाडकं मॉडेल ८, १९५१ चं. डीसीवर प्रति व्होल्ट २०,००० ओहम इतकी संवेदनशीलता, काट्याच्या मागे आरशाची पट्टी (काटा आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आलं की वाचन अचूक), आणि चुकीच्या रेंजवर जास्त करंट गेला तर टपकन उडणारं बटण. या बटणाने किती शिकाऊ मेकॅनिकांना वाचवलं असेल! हा मीटर थोड्याफार फरकाने २००८ पर्यंत बनत राहिला.

अमेरिकेत ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी १९३९ मध्ये पालो अल्टोच्या एका गॅरेजात धंदा सुरू केला, तो ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे तपासणीसाठी हव्या त्या सुराचा सिग्नल तयार करणारं यंत्र, घेऊन. त्यातली युक्ती आजही ऐकणाऱ्याला आवडते. आवाजाची पातळी स्थिर ठेवायला त्यांनी सर्किटमध्ये एक साधा छोटा दिवा घातला. सिग्नल वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो, सिग्नल आपोआप खाली येतो. चार पैशांत मिळणाऱ्या वस्तूने महागड्या सर्किटांचं काम केलं. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने या यंत्राच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग घेतले, ते कंपनीच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक.

ऑसिलोस्कोप, थोडक्यात स्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्याचं मूळ कार्ल फर्डिनांड ब्राउनच्या १८९७ च्या कॅथोड किरण नळीत. पण पडद्यावरची लहर जागच्या जागी थांबवून मोजता येणं ही नंतरची गोष्ट. १९४६ मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला हॉवर्ड व्होलम आणि जॅक मरडॉक यांनी टेक्ट्रॉनिक्स काढली आणि पुढच्याच वर्षी ५११ हा स्कोप विकायला आणला. किंमत ७९५ डॉलर. त्यात ट्रिगर होता, म्हणजे सिग्नल ठरावीक उंचीला पोहोचला की पडद्यावरचा ठिपका धावायला सुटे, आणि दर वेळी लहर त्याच जागी उमटे. त्याच १९४७ साली हीथकिट कंपनीने युद्धातून उरलेल्या नळ्या आणि सुटे भाग वापरून घरी जोडायचा स्कोप ३९.५० डॉलरला विकला. छंदाची मुळं शोधायची तर इथे. लष्कराने टाकून दिलेला माल, तो विकत घेणारे हौशी रेडिओवाले, आणि हातात सोल्डरिंग आयर्न धरायची तयारी.

आणखी एक कारण आहे, माझ्या मते सर्वांत मोठं. त्या काळच्या यंत्रासोबत जाडजूड मॅन्युअल येई. त्यात पूर्ण सर्किट, कुठल्या टोकाला किती व्होल्ट हवेत ते आकडे, तिथे स्कोप लावला तर लहर कशी दिसेल त्याची चित्रं, प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक. कंपनीने गृहीतच धरलं होतं की हे यंत्र कोणीतरी उघडणार. आज साठ-सत्तर वर्षांनी ते जिवंत करता येतं ते या गृहीतकामुळे.

आता गोवा. पोर्तुगीज राजवटीत १९४६ मध्ये पणजीत एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र सुरू झालं. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ झाला, पोर्तुगीज भारताची स्वतःची हवाई वाहतूक सुरू झाली. रेडिओ केंद्र, विमानतळाची बिनतारी यंत्रणा, मुरगावचं बंदर, या सगळ्यांना मोजमापाची यंत्रं लागतच. शिवाय भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोव्याने खनिज निर्यातीच्या पैशावर परदेशी माल मोकळेपणाने आणला. घड्याळं, मोटारी, रेडिओ. भारतात आयात परवान्यासाठी खेटे घालावे लागत असताना इथल्या दुकानांत युरोपचा माल मांडलेला असे. रेडिओ आले की पाठोपाठ दुरुस्ती करणारे आले, आणि त्यांच्या टेबलावर मीटर आला. फिलिप्सचा फिलोस्कोप हा कंडेन्सर-रेझिस्टन्स तपासणारा ब्रिज या काळातला. त्यावर काटा नसतो. हिरवा 'मॅजिक आय' व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली काचेची नळी) असतो, आणि त्यातली सावली सर्वांत रुंद झाली की माप जुळलं.

हौशी रेडिओवाल्यांच्या जगात तर गोवा हा तेव्हा स्वतंत्र 'देश' होता. सीआर८ ही पोर्तुगीज भारतातल्या हौशी केंद्रांच्या सांकेतिक नावाची सुरुवात. संपर्क साधलेल्या देशांची जी जागतिक यादी हे लोक ठेवतात, तिच्यातून १९६१ च्या अखेरीस गोवा वगळला गेला.

पण या काळातल्या बिनतारीची गोष्ट नुसत्या पोर्तुगीज केंद्राची नाही. नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, आधी आंबोलीच्या बाजूने आणि मग कॅसल रॉकहून. पावसाळ्यातल्या आंबोलीत ट्रान्समीटर चालू ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने ओलसर सेटचा फटका एकदा खाल्ला आहे त्याला वेगळं सांगायला नको. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाने बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि पुढे पणजीचं रेडिओ केंद्र आकाशवाणीकडे आलं.

मुक्तीनंतर गोव्यालाही परवाना राज लागू झालं. परदेशी मीटर दुर्मिळ झाला आणि देशी यंत्रांचा काळ आला. नाशिकच्या मोटवानेचा '८ एक्स' मल्टीमीटर, ठाण्याच्या ॲपलॅबचे पॉवर सप्लाय आणि स्कोप, फिलिप्सचे भारतात बनलेले स्कोप, सरकारी संस्थांमध्ये हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचा माल. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घराघरांत गेले, तेव्हा गावोगावच्या टीव्ही मेकॅनिकांनी जे घेतलं ते हेच. जमवणारे टेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागतात आणि मोटवानेकडे ढुंकून बघत नाहीत, हे मला पटत नाही. भारताची इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली अख्खी पिढी या देशी मीटरांवर वाढली, आणि तेच सर्वांत आधी भंगारात जात आहेत.

परदेशी यंत्रांसाठी दोन वाटा उघड्या राहिल्या. एक बोटीची. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, हा गोव्याच्या घराघरातला माणूस, आणि परदेशी बंदरातून येताना त्याच्या ट्रंकेत काय येई याला मर्यादा नव्हती. जहाजांवर रेडिओ ऑफिसरची खोली असे, तिथे मीटर हा नेहमीचा. उपग्रहाधारित सागरी सुरक्षा यंत्रणा १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली, मोर्सवाला रेडिओ ऑफिसर सक्तीचा राहिला नाही, आणि त्या खोल्या रिकाम्या झाल्या.

दुसरी वाट खात्यांची. नौदलाचं आयएनएस हंसा १९६४ मध्ये दाबोळीला आलं. तिथली सी हॉक विमानं ब्रिटिश आणि अलीझे फ्रेंच, तेव्हा त्यांची तपासणीची यंत्रंही बरीचशी त्याच देशांची. ब्रिटिश लष्करी मालावर बाणाच्या टोकाची खूण असते, ती दिसली की जाणकाराचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. संशोधन संस्थेत जुनं यंत्र निर्लेखित होतं, लिलावात वजनावर जातं, आणि भंगारवाला आधी त्यातलं तांबं आणि ॲल्युमिनियम बघतो. ट्रान्सफॉर्मर उपटला की बाकीचं यंत्र मेलंच. त्याच्या आधी पोहोचणं ही या छंदातली खरी कसोटी.

इतकं सगळं येऊनही गोव्यात धड अवस्थेतलं थोडंच उरलं, याला कारण हवा. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, वर खारा वारा. जुन्या कागदी कंडेन्सरांत ओल शिरली की ते करंट गळू देतात. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टन्स ओल पिऊन वाढत जातात, एक लाखाचा दीड लाख ओहम झालेला सहज सापडतो. रोटरी स्विचच्या पत्र्यांवर हिरवट थर येतो, मीटरच्या काचेआड बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याची यंत्रं याच कारणाने बंद पडू लागली. तेव्हा आतल्या सर्किटांवर ओल आणि बुरशी रोखणारं व्हार्निश फवारून वर 'एम.एफ.पी.' आणि तारीख असा शिक्का मारायची पद्धत पडली. असा शिक्का असलेलं यंत्र आपल्याकडे जास्त टिकतं. मात्र त्या व्हार्निशमध्ये काही वेळा पाऱ्याचं संयुग असे, म्हणून ते खरवडू नये, त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून धूर नाकात घेऊ नये.

मिळालेलं यंत्र थेट प्लगला लावायचं नाही हा पहिला नियम. आधी नुसतं बघणं, हुंगणं. मग सिरीज बोर्ड, म्हणजे सप्लायच्या वाटेत शंभर वॉटचा जुना बल्ब. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट. मंद राहिला तर व्हेरियॅकने (व्होल्टेज हवं तितकं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज तासातासाने वाढवत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पुन्हा 'फॉर्म' करायचे, म्हणजे त्यांच्या आतला इन्सुलेशनचा थर परत बनू द्यायचा. व्हॉल्व्हवाल्या स्कोपच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरांत राहतात, तेव्हा एक हात खिशात, म्हणजे फटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही.

टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या स्कोपमध्ये सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर बसवलेले असतात, खाचांना चांदीचा मुलामा. साधं सोल्डर ती चांदी विरघळवून टाकतं आणि खाच निकामी होते. म्हणून कंपनी चांदीमिश्रित सोल्डरची छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून देत असे. गुंडाळी जागेवर असेल तर समजावं की आधी कोणी फारसे हात घातलेले नाहीत. ॲव्होमीटरचा त्रास वेगळा. मॉडेल ८ च्या मोठ्या ओहम रेंजला १५ व्होल्टची खास बॅटरी लागते, ती शोधायला कष्ट पडतात. आणि कोणीतरी आत विसरलेला सेल गळून पितळी पट्ट्या खाऊन बसलेला असतो.

निक्सी नळ्यांबद्दल एक तक्रार. बरोज कंपनीने १९५५ मध्ये आणलेल्या या नारिंगी आकड्यांच्या नळ्या जुन्या फ्रीक्वेन्सी काउंटरांत (सिग्नलची वारंवारता मोजणाऱ्या यंत्रांत) असतात. आता त्यांची घड्याळं करायची टूम आहे, आणि त्यासाठी चांगली चालणारी काउंटरं फोडली जातात. घड्याळ सुंदर दिसतं, मान्य. पण चालतं यंत्र फोडणाऱ्याला जमवणारा कसा म्हणायचं?

लिलावाची वाट आता आक्रसते आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रयोगशाळेची उपकरणंही आली. संस्थांनी ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच द्यायची, आणि तिथे ती तोडली जातात. पर्यावरणाच्या दृष्टीने नियम योग्य आहे, छांदिष्टांच्या मात्र मुळावर आला. ज्यांना मिळतं तेही वेगळ्या पिढीचं, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातले स्कोप. त्यांच्यात कंपनीने खास बनवून घेतलेल्या चिप असतात, ज्या आता कुठेच मिळत नाहीत. यंत्र जुळवताना काढलेले कॅलिब्रेशनचे आकडे ज्या मेमरीत साठवलेले असतात, तिच्या आतच लिथियमची बॅटरी बंद केलेली असते. ती संपली की यंत्र चालू राहतं, पण खरं मोजत नाही. त्यामुळे आता असा स्कोप हाती आला की सोल्डरिंगच्या आधी मेमरी रीडर बाहेर काढतात, आकडे संगणकावर उतरवून घेतात, आणि मगच धूळ झाडतात.