रक्तकर्करोग : पेशींचे ऊर्जा-चयापचय आणि औषधांचा परिणाम

रक्ताच्या कर्करोगावरचे औषध लागू पडेल की नाही, हे जनुकांतील बिघाडांइतकेच पेशी आपली ऊर्जा कशातून मिळवते यावरही अवलंबून असते. ग्लुकोजचा एक रेणू ग्लायकोलिसिसने, म्हणजे ऑक्सिजनशिवाय, फोडला, तर पेशीच्या पदरात एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) २ रेणू पडतात. तोच मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळला, तर सुमारे ३०.

ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवले, की गाठीतील पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर साखर फोडून लॅक्टिक आम्ल तयार करतात. यावरून ‘कर्करोग साखरेवर जगतो’ असे सरसकट म्हटले जाऊ लागले. रक्तकर्करोगाच्या बाबतीत हे सूत्र बरेचसे दिशाभूल करते. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्याने वाढणाऱ्या रक्तकर्करोगात रोग पुन्हा उभा करणाऱ्या ज्या मोजक्या मूलपेशी असतात, त्यांची भिस्त प्रामुख्याने मायटोकॉन्ड्रियावर असते. सायटाराबिन हे जुने औषध झपाट्याने विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएवर घाव घालते. उंदरांवरील प्रयोगांत त्यातून वाचलेल्या पेशींमध्ये ऑक्सिजनचा वापर वाढलेला आणि मेदाम्लांचे ज्वलन जोरात असल्याचे आढळले. शिवाय अस्थिमज्जेतील आधारपेशी आपले मायटोकॉन्ड्रिया चक्क ल्युकेमियाच्या पेशींना देऊन टाकतात आणि असा आयता ऐवज मिळालेल्या पेशी औषधाला कमी दाद देतात.

व्हेनेटोक्लॅक्स या औषधामुळे ऊर्जा आणि मृत्यू यांचा संबंध सर्वांत स्पष्ट झाला. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरू न देण्यासाठी मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावर पहारा देते. औषधाने ते अडवले, की पटलाला छिद्रे पडतात, आतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर झिरपते आणि पेशी स्वतःलाच मोडीत काढू लागते. म्हणजे ऊर्जेची भट्टी आणि मृत्यूची कळ एकाच जागी आहे. अ‍ॅझासिटिडिन या दुसऱ्या औषधाबरोबर दिल्यास व्हेनेटोक्लॅक्समुळे मूलपेशींमध्ये अमिनो आम्लांचा पुरवठा आटतो आणि त्यांचे श्वसन मंदावते. तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीमुळे मध्यक जगण्याचा काळ १४.७ महिने झाला. नुसत्या अ‍ॅझासिटिडिनने तो ९.६ महिने होता. परंतु रोग पुन्हा उलटलेल्या रुग्णांतील पेशी अमिनो आम्लांऐवजी मेदाम्ले जाळून वेळ निभावतात, तर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसारख्या असणाऱ्या ल्युकेमिया-पेशींचा पहारा मुळात एमसीएल-१ या वेगळ्या प्रथिनाकडे असतो. उलट आयडीएच-१ किंवा आयडीएच-२ जनुकात उत्परिवर्तन झाले, तर २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हे रसायन साचते. ते श्वसनसाखळीच्या (मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेच्या) शेवटच्या टप्प्यात अडथळा आणत असल्याने अशा पेशी व्हेनेटोक्लॅक्सपुढे लवकर हात टेकतात.

चयापचयावर नेम धरणारे सर्वांत जुने यशस्वी औषध मात्र ऊर्जेचे नव्हे, पोषणाचे आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) विरघळताना दिसला. पुढे त्यामागे अ‍ॅस्पॅराजिनेज हे विकर असल्याचे उमगले. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल पुरेसे बनवता येत नाही. हे विकर रक्तातील साठाच संपवते आणि त्या उपाशी मरतात. निरोगी पेशी ते घरच्या घरी बनवतात.

श्वसनसाखळीच्या बाबतीत असा सोयीचा फरक हाती लागलेला नाही. साखळीतील पहिला प्रथिनसमूह थेट बंद पाडणारे आयएसीएस-०१०७५९ हे औषध प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या पेशींवर प्रभावी ठरले. रुग्णांत मात्र रक्तातील लॅक्टेट वाढले, मज्जातंतूंना इजा झाली आणि सहन होईल एवढ्या मात्रेत रोगावर फारसा परिणाम दिसेना. चाचण्या थांबवाव्या लागल्या.