हातमोजे घातले तरी हात धुवावेच लागतात

रुग्णाची शुश्रूषा करताना हातमोजे घातले की हात धुण्याची गरज उरत नाही, असा समज बऱ्याच वर्षांपासून फिरत आहे. मोजे संरक्षण देतात हे खरेच. पण नव्या मोज्यालाही डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, आणि मोजे काढताना बाहेरचा ओला भाग मनगटाला सहज लागतो. हे घरीही पडताळता येते: मोज्यांवर हळदीचे पाणी चोळावे, ते नेहमीसारखे काढावेत आणि मनगटावर, बोटांवर पिवळे डाग दिसतात का ते पाहावे. म्हणूनच मोजे घालण्यापूर्वी आणि काढल्याबरोबर हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवावे लागतात. तेच मोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणे मला सर्वांत घातक वाटते, कारण तेव्हा घालणाऱ्याचे हात तेवढे वाचतात, जंतू मात्र पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचतात.